दुसरा रिमोट

गाडी आपोआप सुरू झाली तेव्हा मी तिच्यातच बसलो होतो. किल्ली खिशात, दोन्ही हात मांडीवर, दारं आतून बंद. संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील. कामावरून आलो होतो, इमारतीच्या आवारात आमच्या नेहमीच्या चौकोनात गाडी लावली होती, इंजिन बंद केलं होतं आणि वर घरी जायच्या आधी जरा बसलो होतो. जरा म्हणजे अर्धा तास. ते का, ते पुढे येईलच, लपवून काय उपयोग आता. तर एकदम सीट हादरली, समोरचे काटे उठले, एसीचा गार झोत थेट तोंडावर आला आणि इंजिन घरघरायला लागलं. मी चक्क "कोण आहे?" म्हणून ओरडलो. बंद गाडीत, एकटा. मग ब्रेकवर पाय पडला आणि ती गप्प झाली. हे तिचं असंच आहे. किल्ली न लावता बटणानं सुरू झालेली असली की ब्रेक दाबल्यावर बंद पडते. चोरानं पळवू नये म्हणून केलेली सोय. मी बाहेर येऊन गाडीभोवती एक चक्कर मारली. आवारात कुणी नव्हतं. तळमजल्यावरचे वकील तेवढे लुंगी सावरत कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग पुन्हा कुंडीकडे. वर कशाला पाहिलं असेल, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. बाकी सगळे पडले.

ही दुरून गाडी सुरू करायची सोय आमच्या मुलीनं बसवून दिलेली. परगावी नोकरी करते, चांगलं कमावते, आणि आईवडलांवरचं प्रेम ती वस्तूंच्या रूपानं पाठवते. "बाबा, शंभर पावलांवरून बटण दाबायचं, गाडी आपली सुरू. उन्हात तापलेली सीट तुम्ही पोचेपर्यंत गार. थंडीत काच पुसत बसायला नको." ऐकायला छान. पहिल्या आठवड्यातच मी चुकून किल्लीवर बसलो आणि मी काम करतो त्या दवाखान्याच्या आवारात गाडी तीनदा सुरू होऊन तीनदा आपली आपण बंद झाली. दहा मिनिटं चालायचं आणि थांबायचं, एवढंच तिला शिकवलेलं. बॉनेट केसभर उघडं राहिलं तर सुरू होत नाही. गियर जागेवर नसला तर सुरू होत नाही. घाईच्या दिवशी तर हमखास नाही. वकिलांनी एकदा खाली गाठून सांगितलं, "तुमच्या गाडीचा धूर आमच्या मोगऱ्यावर येतो हो." म्हटलं, मोगऱ्याला सांगा जरा श्वास धरून बसायला. तेव्हापासून ते माझ्याशी तुटक बोलतात. किंवा मला तसं वाटतं. बटणं दोन आली होती. एक माझ्या किल्लीला, दुसरं बायकोला. बायको गाडी चालवत नाही. "मला काय करायचंय याचं?" म्हणत तिनं ते बैठकीतल्या खणात, जुन्या चष्म्यांच्या शेजारी ठेवून दिलं होतं. हे मी स्वतः पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी दोनदा. मी गाडी घेऊन फिटरकडे गेलो. त्यानं डॅशबोर्डखाली डोकं घातलं, तारा हलवून पाहिल्या, आणि तिथूनच म्हणाला, "साहेब, सगळं टाइट आहे. हिला स्वतःची अक्कल नाही. कुणीतरी दाबल्याशिवाय ही सुरू होत नाही." मी म्हटलं, "शेजारच्या एखाद्या गाडीचं बटण लागत असेल." "नाही लागत. प्रत्येकाचा कोड वेगळा." मग डोकं बाहेर काढून हात पुसत त्यानं विचारलं, "दुसरा रिमोट कुणाकडे असतो?" मी म्हटलं, बायकोकडे, पण ती गाडी चालवत नाही. "हां," तो म्हणाला आणि हसला. काय हसायचं होतं त्यात? मी त्याला तोडून टाकणारा एक शब्द शोधत होतो, पण तो पुन्हा दुसऱ्या गाडीखाली गेला होता. घरी येईपर्यंत ते हसू माझ्याबरोबर पुढच्या सीटवर बसून आलं.

मी संशयी आहे असं बायको म्हणते. तीस वर्षं म्हणतेय. पण संशय घेणं हा माझा धंदाच आहे. मी लोकांचे कान तपासतो. जाड दाराच्या, आवाज न येणाऱ्या एका केबिनमध्ये माणसाला बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचे, हातात एक बटण द्यायचं आणि सांगायचं: ऐकू आलं की दाबा, कितीही बारीक असलं तरी दाबा. मग काचेच्या अलीकडे बसून मी सूर सोडतो. त्यानं दाबलं की माझ्यापुढे लहान दिवा लागतो. एवढंच काम, सव्वीस वर्षं. पण माणूस त्या केबिनमध्ये जितकं खोटं बोलतो तितकं कुठे बोलत नसेल. कारखान्यातले कामगार भरपाईसाठी ऐकू येत असून दाबत नाहीत. ड्रायव्हरच्या नोकरीला आलेले ऐकू येत नसताना दाबतात. माझ्या खांद्याकडे बघतात, हात हलला की दाबतात. त्यांना पकडायची युक्ती सोपी आहे. मध्येच थांबायचं. सूर सोडायचाच नाही. दहा सेकंद, वीस सेकंद. खरं ऐकणारा शांत बसतो. खोट्याचा अंगठा वळवळायला लागतो, आणि काहीच नसताना दिवा लागतो. लागला की मी मनात म्हणतो, सापडलास. हेच गाडीला लावायचं ठरवलं. खिशातली लहान वही काढली आणि पंधरा दिवस नोंदी केल्या. आलो, लावली, बसलो: सुरू झाली, सहा वाजून चाळीस. आलो, लावली, तडक वर गेलो: नाही झाली. आलो, बसलो, दहा मिनिटांत उतरलो: नाही झाली. सुट्टीच्या दिवशी गाडी तशीच उभी, मी घरात: नाही झाली. पंधरा दिवसांचा आलेख अगदी स्वच्छ होता. मी आत बसलेला असलो, आणि बराच वेळ बसलेला असलो, की गाडी सुरू होत होती. म्हणजे कुणीतरी बघत होतं.

कोण, हे काय सांगायला हवं? पण का, हे कळत नव्हतं, आणि मनात पाल चुकचुकत राहिली. बायको मला घाबरवत होती का? मी आत आहे का नाही, एवढं तपासत होती? का तिला वाटत होतं की मी तिथे बसून फोनवर कुणाशी तरी बोलतो? घरात तर ती अक्षर काढत नव्हती. रोज दार उघडून विचारायची, "उशीर झाला?" मी म्हणायचो, "रस्त्यात गर्दी होती." ती "हं" म्हणायची आणि चहा ठेवायला जायची. तिला माहीत होतं मी अर्धा तास खाली होतो, मला माहीत होतं तिला माहीत आहे, आणि आम्ही दोघं समोरासमोर बसून चहा पीत होतो. एकदा ती भाजी आणायला गेली असताना मी बैठकीतला खण उघडला. जुने चष्मे होते, सुतळी होती, मुलीचं शाळेतलं ओळखपत्र होतं. बटण नव्हतं.

आता ते अर्ध्या तासाचं सांगतो. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी आमच्याकडे एक नियम पाळतात. तपासणाऱ्यानं स्वतः हेडफोन घालून यंत्राचे सगळे सूर एकदा ऐकायचे आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, 'आवाज ठीक', खाली सही. गेल्या वर्षी एका सकाळी वरचे दोन सूर, सगळ्यात बारीक आणि टोकदार, आलेच नाहीत. मी दुसरा हेडफोन लावला. नाहीत. तार बदलली. नाहीत. मग मी काय केलं असेल? यंत्र बिघडल्याची रीतसर लेखी तक्रार केली. कंपनीचा माणूस आला, मोजमाप करून म्हणाला यंत्र उत्तम आहे. मी त्याच्यावर तडकलो. तुम्हाला कामं टाळायची असतात, म्हटलं. दुसऱ्यांदा तक्रार केली, दुसरा माणूस आला. त्यानं हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि म्हणाला, "येतोय की सर, चांगला खणखणीत." माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, हां, आता येतोय. त्या दिवसापासून मी रोज सकाळी 'आवाज ठीक' लिहितोय. सव्वीस वर्षांत हजारो खोटे अंगठे पकडले, आणि आपला अंगठा असा कागदावर. शब्दांची चाचणी असते, पेशंटनं शब्द परत म्हणायचा आणि आपण ऐकून खूण करायची, ती मी हळूहळू खात्यातल्या नव्या मुलीकडे ढकलली. हुशार आहे, मीच शिकवलीय. "सर, आजही मीच घेऊ?" असं विचारते. त्या 'आजही' मध्ये काय असतं, ते मला रात्री अंथरुणावर ऐकू येतं. आमच्या खात्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना कळलं तर माझी खुर्ची गेली. कान नसलेला कान तपासनीस! लोक हसतील, आणि बरोबरच हसतील. निवृत्तीला चार वर्षं आहेत. दिवसभर लोकांचे ओठ बघून बघून डोळे दुखायला लागतात. बायका आणि मुलांचे आवाज तर धुक्यातून आल्यासारखे. घरी बायको स्वयंपाकघरातून पाठमोरी बोलते आणि मी अंदाजानं "हो", "बरं", "बघू" असं ठेवून देतो. सूर नसताना दिवा लावतो. म्हणून गाडी. तिथे कुणी बोलत नाही. तिथे अर्धा तास मी बहिरा नसतो, नुसता गप्प असतो.

आणि मग एका दुपारी नवी मुलगी म्हणाली, "सर, वहिनींचा फोन आला होता." फोन मला म्हणे देणारच होती, पण वहिनी म्हणाल्या नको, तुझ्याशीच बोलायचंय. "काय म्हणत होती?" "काही नाही सर, असंच." असंच! माझी बायको तिला कधी भेटलेली नाही. त्या दुपारी मी तीन पेशंट तपासले आणि एकाचंही नाव आठवत नाही. डोक्यात सगळं जुळत गेलं, भराभर, जसं खोट्या माणसाचं पितळ उघडं पडायला लागलं की जुळतं. वर गॅलरीत एक जण बघणारी, इथे काचेआड दुसरी बघणारी. एक गाडी सुरू करून मला दचकवते, दुसरी 'आजही' विचारते. दोघी मिळून माझी तपासणी घेताहेत, आणि अहवाल जाणार कुणाकडे? डॉक्टरीणबाईंकडे. माझ्या स्वतःच्या बायकोनं! भयंकर राग आला. म्हटलं, सापळा लावायचा. तिला तोंडघशी पाडायचं. मग बघतो.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर आलो, गाडी चौकोनात लावली, मागची काच वर घेतली, उन्हासाठी असतो तो काळा पडदा खिडक्यांना लावला म्हणजे आत कोण आहे ते वरून दिसू नये, दारं बंद केली आणि आवाराच्या कडेला पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिलो. पंचावन्न वर्षांचा माणूस, हातात डबा, टाकीमागे. एक मांजर येऊन माझ्याकडे बघून गेलं. तिथून आमची तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी स्वच्छ दिसत होती. वकील कुंड्यांपाशी होते. वीस मिनिटं झाली. मग बायको बाहेर आली. पदराला हात पुसत कठड्याशी उभी राहिली आणि खाली गाडीकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर पाळत ठेवणाऱ्याचं काही नव्हतं. एखादं दूध तापायला ठेवलेलं असावं तशी ती बघत होती. मग ती वाकली, एक तळवा तोंडाशी धरला, आणि तिचं तोंड उघडलं.

काही आलं नाही. रस्त्यावरच्या ट्रकची घरघर येत होती, टाकीत पडणाऱ्या पाण्याचा जाड आवाज येत होता. तिचं तोंड मिटलं, पुन्हा उघडलं, मान पुढे आली, गळ्याच्या शिरा ताणल्या. वकिलांनी झारी थांबवून वर पाहिलं. मांजर पाहत होतं. दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी उघडून कुणीतरी डोकावलं. सगळ्या आवारानं माना वर केल्या होत्या आणि मी टाकीमागे, चाळीस पावलांवर, माझी बायको मला हाक मारत असताना, बघत होतो. तिसऱ्यांदा. मग ती सरळ झाली. साडीच्या ओच्यातून तिनं काहीतरी काढलं, हात लांब करून गाडीच्या दिशेनं धरलं आणि दाबलं. रिकामी गाडी थरथरली आणि सुरू झाली. ते मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

मी पुढे झालो. वकिलांजवळून जाताना थांबलो. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं, "रोज मारते का हो हाक?" ते माझ्याकडे तोंड करून, सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाले, "महिना झाला असेल. आम्हाला वाटलं तुमचं काही भांडण आहे." ओठ नीट हलवत. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. मोगऱ्याचा राग नव्हताच तर तो.

वर दार उघडंच होतं. ती मला टाकीमागून निघताना बघत होती म्हणे. मी चपला न काढताच ओरडलो, "किती दिवसांपासून माहीत आहे तुला?" ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, उजेडात, तोंडावर दिवा पडेल अशी, आणि तेव्हा मला उमगलं की गेले कितीतरी दिवस ती अशीच उभी राहून बोलतेय. पाठमोरी बोलणं कधीच सुटलं होतं तिचं. माझ्याच डोक्यात ते राहिलं होतं. "आधी वाटलं, तुमचं बाहेर काहीतरी आहे," ती म्हणाली. "खरं सांगते. खाली बसून राहता, वर येत नाही, हाक मारली तर बघतसुद्धा नाही. आठ दिवस मी नुसती जळत होते. फोन करावा तर तो तुमच्या पिशवीत वाजून वाजून गप्प. मग एक दिवस रागानं ते बटण दाबलं. म्हटलं, बघू या आता तरी दचकतो का माणूस. आणि तुम्ही दचकलात. इतके दचकलात अहो, की मला रडूच आलं. हाक ऐकू येत नाही आणि गाडी हलली की कळतं, हे तेव्हा कळलं." मी खुर्चीत बसलो. मला अजून भांडायचं होतं. "आणि त्या मुलीला फोन कशाला?" "विचारलं, तुमच्याकडे सगळ्यांचे कान तपासतात, तर ह्यांचे कोण तपासतं." "काय म्हणाली?" "म्हणाली, सर रोज सकाळी स्वतःच तपासतात आणि सही करतात." तिनं खुर्ची माझ्यासमोर ओढली. "मग म्हणाली, वहिनी, मी किती दिवस झाले वाट बघतेय, सर मला सांगतील म्हणून." "आणि तू? तू का नाही बोललीस तोंडानं?" "मीपण वाटच बघत होते. तुम्हाला पकडायचं नव्हतं मला." खाली दहा मिनिटं संपली असावीत, घरघर थांबली होती. लाज वाटली. रागापेक्षा वाईट ती, कारण ती कुणावर काढता येत नाही.

सकाळी बायको माझ्याबरोबर दवाखान्यात आली. वाटेत एक शब्द बोलली नाही. गाडीत मी रस्त्याकडे बघत असतो, तिचं तोंड दिसत नाही, म्हणून. नव्या मुलीनं काही विचारलं नाही. तिनं रजिस्टर उघडून आजची ओळ कोरी ठेवली आणि केबिनचं जाड दार ओढून धरलं. सव्वीस वर्षांत मी त्या खुर्चीत कधी बसलो नव्हतो. ती अपेक्षेपेक्षा ठेंगणी आहे. मुलीनं हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि माझ्यासमोर वाकून म्हणाली, "ऐकू आलं की दाबा, सर. कितीही बारीक असलं तरी दाबा." "मला शिकवतेस?" "नियम आहे," ती म्हणाली. खालचे जाड सूर छान आले, मी दाबत गेलो, काचेपलीकडे दिवा लागल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग सूर चढत गेले, पातळ झाले आणि संपले. म्हणजे संपले नव्हते. तिचा उजवा खांदा मला दिसत होता. तो किंचित हलला की सूर सुटला, हे मला माहीत. किती वेळानं सोडायचा, केव्हा मुद्दाम थांबायचं, हे मीच तिला शिकवलेलं. त्या खांद्याकडे बघत मी सगळा आलेख तिला तरुण माणसाचा काढून दिला असता. कुणाला कळलं नसतं. चार वर्षं सहज निघाली असती. तिच्यामागे भिंतीला टेकून बायको उभी होती, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून, गॅलरीतून बघते तशी माझ्याकडे बघत. खांदा हलला. मी ठेंगणी खुर्ची फिरवली आणि काचेकडे पाठ केली. समोर छिद्राछिद्रांची पांढरी भिंत होती. अंगठा बटणावर होता. बराच वेळ गेला, आणि मी दाबलं नाही.